जुन्या गिरण्या, खाणी, भट्ट्या आणि पुलांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या औद्योगिक वास्तूंचे फोटो काढायला निघालेल्या लोकांकडून मला पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण चुका तिथेच जास्त होतात. माझ्याही झाल्या आहेत.

औद्योगिक वारसा म्हणजे बंद पडलेला कुठलाही कारखाना का?

नाही. आणि तो बंदच पडलेला असावा असंही नाही. नेदरलँड्समध्ये लेमर इथलं वाउडा हे वाफेवर चालणारं पंपिंग स्टेशन १९२० सालचं आहे. ते जागतिक वारसा यादीत आहे आणि पाणी फार वाढलं की आजही पेटवलं जातं.

२००३ मध्ये रशियातल्या निझ्नी तागिल इथे औद्योगिक वारशाच्या जतनाची एक आंतरराष्ट्रीय सनद स्वीकारली गेली. तिच्यात कारखाने, गिरण्या, खाणी आणि यंत्रं आहेतच. त्यांच्याबरोबर गोदामं, वीजघरं, वाहतुकीच्या सोयी, कामगारांची घरं, त्यांच्या शाळा आणि प्रार्थनास्थळंही आहेत. फोटोग्राफरसाठी ही यादी फार कामाची आहे. बहुतेक जण धुराड्याचा फोटो काढून परततात आणि शंभर पावलांवरच्या चाळीकडे किंवा कालव्याकडे पाहतही नाहीत.

पडक्या जागांचे फोटो आणि हे, यात फरक काय?

जागा तीच, नजर वेगळी. पडझडीच्या फोटोत विषय असतो गंज, वेली, फुटलेल्या काचा. ते दिसायला सुंदर असतं यात वाद नाही. पण असे पन्नास फोटो पाहिल्यावरही तिथे साखर व्हायची की सूत, हे कळत नाही. मला फोटोत काम दिसायला हवं असतं: माल कुठून आत आला, कशाने हलवला, कुणी कुठे उभं राहून काय केलं. गंज फ्रेममध्ये येणारच, त्याला मुद्दाम बोलावण्याची गरज नाही.

जाण्याआधी काय वाचून जावं?

त्या उद्योगाची प्रक्रिया. इमारत कुणी बांधली, शैली कुठली, हे नंतर वाचलं तरी चालतं. कच्चा माल कुठल्या दारातून आत जायचा आणि पक्का माल कुठून बाहेर पडायचा, एवढं आधी समजून घ्या आणि त्याच वाटेने कॅमेरा घेऊन चाला. कारखाना म्हणजे वर छप्पर टाकलेलं एक मोठं यंत्रच. ते कसं चालायचं हे माहीत नसेल तर त्याचा महत्त्वाचा भाग कुठला हे ओळखता येत नाही.

जर्मनीत एसेन इथली त्सोलफेराइन कोळसा खाण घ्या. तिचा बाराव्या क्रमांकाचा शाफ्ट, म्हणजे खाणीत उतरायची उभी विहीर, १९३२ मध्ये सुरू झाला, डिसेंबर १९८६ मध्ये खाण बंद झाली आणि २००१ मध्ये ती जागतिक वारसा यादीत गेली. सगळे जण तिथल्या प्रचंड उचल-मनोऱ्याचा समोरून फोटो काढतात. मनोरा देखणा आहेच. पण कोळसा वर आल्यावर धुण्या-निवडण्याच्या इमारतीत जायचा, आणि या इमारतींना जोडणारे तिरके झाकलेले पूल म्हणजे कोळसा वाहून नेणाऱ्या सरकत्या पट्ट्यांचे रस्ते. हे कळलं की त्या तिरक्या रेषा नुसत्या रचनेपुरत्या राहत नाहीत, त्या कुठून कुठे जातात हे फोटोत दाखवावंसं वाटतं.

जुना नकाशा मिळाला तर सोन्याहून पिवळं. आगीच्या विम्यासाठी काढलेल्या नकाशांत खोली-खोलीचा वापर लिहिलेला सापडतो.

परवानगी कशी मागायची?

लेखी, थोडक्यात, आणि तारखेसह. मालक कोण हे आधी शोधा. कारखाना चालवणारी कंपनी आणि आजचा जमीनमालक बहुधा वेगळे असतात. पत्रात चार गोष्टी हव्यात: किती माणसं येणार, किती वेळ थांबणार, ट्रायपॉड वापरणार का, आणि फोटोंचं पुढे काय करणार. शेवटी फोटोंचा एक संच मालकाला देण्याची तयारी दाखवा. माझ्या अनुभवात या एका वाक्याने जितकी फाटकं उघडली तितकी ओळखीने उघडली नाहीत.

पहारेकरी ‘जा, पटकन काढा’ म्हणाला तर ती परवानगी नव्हे. उद्या काही झालं तर त्याचीच नोकरी जाईल.

रस्त्यावर उभं राहून काढलेल्या फोटोलाही परवानगी लागते का?

देशागणिक उत्तर बदलतं, म्हणून आपल्या देशाचा कायदा पाहा. बऱ्याच ठिकाणी सार्वजनिक जागेवरून दिसणाऱ्या इमारतीचा बाहेरून फोटो काढता येतो. बंदरं, वीजकेंद्रं, रेल्वे आणि लष्कराजवळच्या जागांना मात्र वेगळे निर्बंध असू शकतात.

ड्रोनचं प्रकरण आणखी निराळं. उडवण्याचे नियम एक, आणि फोटो वापरण्याचे दुसरे. जर्मनीत रस्त्यावरून दिसणाऱ्या कलाकृतींचे फोटो वापरण्याची मुभा आहे. पण रूर या तिथल्या औद्योगिक भागातल्या खाणींच्या ढिगाऱ्यांवर उभारलेल्या कलाकृतींचे ड्रोनमधून काढलेले फोटो या मुभेत बसत नाहीत, असा निकाल तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२४ मध्ये दिला. माणूस रस्त्यावर उभा राहून जे पाहू शकतो, तेवढ्यापुरतीच ती सूट.

आत खरोखर किती धोका असतो?

वाटतो त्यापेक्षा जास्त, आणि तो बहुतेक वेळा दिसत नाही.

आधी जमीन. लाकडी मजला वरून शाबूत दिसतो आणि खालून कुजलेला असतो. माझ्या ट्रायपॉडचा एक पाय अशाच एका फळीतून आरपार गेला होता. पाय ट्रायपॉडचा होता म्हणून हसत सांगतोय. खड्ड्यात साचलेल्या पाण्यावर धूळ आणि तेलाचा थर बसला की ते अगदी फरशीसारखं दिसतं. छपराचे सिमेंटचे पन्हळी पत्रे माणसाचं वजन पेलत नाहीत, त्यांच्यावर कधीही पाय ठेवू नका. मजल्यावर चालताना खाली तुळई असेल तिथून चाला. खिळ्यांची ओळ दिसते, तिच्याखाली तुळई असते.

मग हवा. जुन्या वाफेच्या नळ्यांभोवती आणि बॉयलरवर पांढरट, तंतुमय लेप असेल तर तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. त्याने होणारे आजार दहा-वीस वर्षांनी किंवा त्याहून उशिरा डोकं वर काढतात. असा लेप सुटून खाली पडलेला दिसला तर साधा मास्क लावून आत शिरण्यापेक्षा परत फिरा. कबुतरांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ फुप्फुसांना संसर्ग करू शकते. आणि एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: बंद लोखंडी टाकीत, बॉयलरच्या पोटात किंवा भुयारात गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकतं. वास नाही, धूर नाही, आत गेलेला माणूस कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही कोसळतो. फोटो कितीही मोहाचा असला तरी टाकीत उतरू नका.

एकट्याने जाऊ नका. कुठे जाताय आणि कधी परतणार हे बाहेरच्या कुणाला तरी सांगून ठेवा. जाड तळाचे बूट, हेल्मेट, दोन टॉर्च आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असणं, हे सगळं लेन्सच्या आधी येतं. जपानचं हाशिमा बेट पाहा. तिथली समुद्राखालची कोळसा खाण १९७४ मध्ये बंद झाली, बेट रिकामं झालं. २००९ पासून पर्यटकांना येऊ देतात, पण आखून दिलेल्या मार्गापुरतं. १९१६ पासून बांधलेल्या काँक्रीटच्या चाळी लांबूनच पाहायच्या. या मर्यादेतही उत्तम फोटो निघतात.

मोबाइल चालेल का?

चालेल. बाहेरच्या फोटोंना आणि टिपणांना उत्तम. अंधाऱ्या हॉलमध्ये आणि उंच इमारतींसमोर मात्र ट्रायपॉडवरचा कॅमेरा लागतो. नवं काही विकत घ्यायचंच असेल तर कॅमेऱ्याआधी चांगला ट्रायपॉड घ्या.

धुराडी आणि मनोरे मागे कलल्यासारखे का दिसतात?

कॅमेरा वर तोंड करून धरला की उभ्या रेषा वरच्या बाजूला एकमेकींकडे झुकतात. सेन्सर इमारतीला समांतर असेल तर झुकत नाहीत. म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: मागे जा आणि उंचावर चढा. समोरच्या इमारतीचा दुसरा-तिसरा मजला, पूल, रेल्वेचा भराव यांपैकी काहीही चालेल. इमारतीच्या निम्म्या उंचीवरून घेतलेली फ्रेम नेहमीच शांत वाटते.

दुसरा उपाय म्हणजे वाइड लेन्स लावून कॅमेरा सपाट ठेवायचा आणि खालची फालतू जमीन नंतर कापून टाकायची. तिसरा शिफ्ट लेन्सचा. तिच्यात कॅमेरा न हलवता लेन्स साधारण ११-१२ मिलिमीटर वर सरकते आणि धुराड्याचं टोक फ्रेममध्ये येतं. ती महाग असते, पण आठवडाभर भाड्याने घेता येते. चौथा उपाय सॉफ्टवेअर. ते वापरणार असाल तर फोटो काढताना चहूबाजूंनी जागा सोडा, कारण रेषा सरळ करताना वरचा भाग ताणला जातो आणि कडा कापल्या जातात.

आता खरी गोम. धुराडी मुळातच वर निमुळती बांधलेली असतात. खाणीच्या मनोऱ्याचे पाय तिरकेच असतात, पाणी थंड करायच्या शीतक मनोऱ्याला कंबर असते. सॉफ्टवेअरला यातलं काही कळत नाही, ते सगळ्यालाच ‘सरळ’ करू पाहतं. म्हणून रेषा जुळवताना दाराची चौकट किंवा खिडकीची कड धरा, धुराड्याची बाजू नको. आणि खाणीच्या भागात जमीन खचल्यामुळे इमारत खरोखर कललेली असेल तर तिला कललेलीच राहू द्या.

ऊन हवं की ढग?

दोन्ही, पण वेगवेगळ्या कामांसाठी.

बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने १९५९ पासून पाण्याच्या टाक्या, लोखंड बनवायच्या झोतभट्ट्या, गॅस साठवायच्या वायुटाक्या आणि खाणींचे मनोरे मोठ्या फॉरमॅटच्या, म्हणजे मोठ्या आकाराची फिल्म लागणाऱ्या कॅमेऱ्याने टिपले. आकाश ढगाळ, सावली नाही, समोरासमोरची बाजू, शक्यतो थोड्या उंचीवरून. मग एकाच जातीच्या रचनांचे फोटो जाळीसारखे शेजारी शेजारी मांडायचे. सगळ्यांत प्रकाश सारखा असल्यामुळे फरक दिसतो तो फक्त रचनेचा. १९९० मध्ये व्हेनिसच्या बिएनाले या कलाप्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळालं ते शिल्पकलेचं, यातच सगळं आलं. डॉर्टमुंडच्या त्सोलर्न खाणीचा यंत्रांचा हॉल १९६९ मध्ये संरक्षित झाला, त्यातही त्यांच्या पुढाकाराचा वाटा होता.

म्हणजे नोंद करायची असेल, किंवा रचनेची रचनेशी तुलना, तर ढग. भिंत वाचायची असेल तर मात्र तिरकं ऊन हवं. सकाळचं ऊन भिंतीला घासून गेलं की बुजवलेल्या खिडक्या, नंतर चढवलेला मजला, वेगळ्या बांधणीच्या विटा असं सगळं उठून दिसतं. आणि पाऊस पडून गेल्यावर विटांवरची पुसट झालेली रंगवलेली अक्षरं पुन्हा दिसू लागतात. छत्री घेऊन थांबण्यासारखी हीच वेळ.

आतल्या अंधाराचं काय करायचं?

आधी हे पाहा की कामगारांना उजेड कुठून मिळायचा. करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असेल तर त्याच्या उभ्या काचा सूर्याकडे पाठ करून असतात, म्हणजे उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून. थेट ऊन नको, दिवसभर सारखा उजेड हवा म्हणून तशा बसवल्या. अशा हॉलमध्ये काचांकडे तोंड केलंत तर उजेडाचे पट्टे दिसतात. मागे वळलात तर छपराच्या नुसत्या उतरत्या काळ्या पाठी. दोन्ही फोटो घ्या, एकच हॉल आहे असं कुणाला पटणार नाही.

ट्रायपॉड, आयएसओ १००, छिद्र एफ/८ ते एफ/११, दोन सेकंदांचा टायमर, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काहीही प्रक्रिया न केलेली). उजेडाची तफावत मोठी असेल तर दोन-दोन स्टॉपच्या (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरकाने तीन किंवा पाच फ्रेम घ्या आणि नंतर हलक्या हाताने जोडा. हलक्या हाताने हे महत्त्वाचं. गंज नारिंगी सरबतासारखा दिसायला लागला की समजा हात जड झाला. लाकडी किंवा जाळीच्या मजल्यावर शटर उघडं असताना कुणीही चालू नये, अगदी तुम्हीही नाही.

दिवे लावलेले असतील आणि विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असेल तर शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर फोटोत पट्टे येऊ शकतात. ६० हर्ट्झ असेल तर १/६०. फ्लॅश मी वापरत नाही, हवेतली धूळ बर्फ पडल्यासारखी दिसते.

काळा-पांढरा की रंगीत?

माझं मत: काढा रंगीत. नळीचा रंग तिच्यातून काय वाहायचं ते सांगतो, भिंतीवरचे रंगाचे थर काळ सांगतात, आणि ही माहिती एकदा टाकून दिली की परत मिळत नाही. अमेरिकेत १९६९ मध्ये सुरू झालेल्या अभियांत्रिकी वारशाच्या नोंदणी-उपक्रमाने मोठ्या फॉरमॅटच्या काळ्या-पांढऱ्या फिल्मचा आग्रह धरला. त्यामागे सौंदर्यापेक्षा टिकाऊपणाचा हिशेब होता. तुमच्याकडे रॉ फाइल असेल तर काळा-पांढरा केव्हाही करता येतो.

तपशिलांचे फोटो कशाकशाचे घ्यावेत?

सांध्यांचे. लोखंडी रचनेचा सगळा इतिहास सांध्यात असतो.

इंग्लंडमधला सेव्हर्न नदीवरचा लोखंडी पूल १७७९ मध्ये उभा राहिला आणि १७८१ मध्ये वाहतुकीला खुला झाला. ओतीव लोखंडाचा असा मोठा पूल त्याआधी कुणी बांधलेला नव्हता, मग तुकडे जोडायचे कसे? सुतार जोडतो तसे: खाच आणि कूस, पाचरा. लांबून घेतलेल्या पुलाच्या फोटोत कमान दिसते. जवळून घेतलेल्या सांध्याच्या फोटोत नव्या धातूसमोर उभा असलेला जुना कारागीर दिसतो. इंग्लंडमध्येच श्रुजबरीची १७९७ ची जवसाच्या सुताची (लिननची) गिरणी ही लोखंडी सांगाड्याची पहिली इमारत मानली जाते. तिथेही नजर खांब आणि तुळई जिथे भेटतात तिथेच ठेवावी.

रिव्हेट आहेत, नटबोल्ट आहेत की वेल्डिंग, हे टिपा. एकाच गर्डरवर तिन्ही दिसली तर दुरुस्त्यांचा क्रमही कळतो. ओतीव खांबांवर ओतशाळेचं नाव उठावात असतं, ते टॉर्चचा उजेड बाजूने पाडून वाचा.

यंत्रं गेलेली असली तरी त्यांची जागा गेलेली नसते. जमिनीत कापलेल्या बोल्टांचे शेंडे, तेलाचे चौकोनी डाग, यंत्रं फिरवणारा लांब दांडा, म्हणजे शाफ्ट, छताला टांगायचे लोखंडी हात. हे सगळं एका फ्रेममध्ये आलं तर यंत्रांच्या रांगा पुन्हा उभ्या करता येतात. जिन्याच्या झिजलेल्या पायऱ्या, हाताने गुळगुळीत झालेली कठड्याची नळी, कपाटांवरचे क्रमांक, भिंतीवर खडूने मांडलेले हिशेब हेही घ्या. जर्मन खाणींच्या कपडे बदलायच्या हॉलमध्ये कामगारांचे कपडे साखळीने छतापर्यंत ओढून टांगत, म्हणजे ते वरच्या गरम हवेत वाळत. अशा हॉलमध्ये नुसतं समोर बघणारा कॅमेरा निम्मा फोटो चुकवतो.

फोटोत मोजपट्टी ठेवावी का?

एका फ्रेममध्ये ठेवा, दुसऱ्यात नको. लाल-पांढरी मोजकाठी नसेल तर ज्याची लांबी पक्की माहीत आहे अशी कुठलीही काठी चालते.

माणसं फ्रेममध्ये असावीत का?

तिथे काम केलेलं कुणी बरोबर यायला तयार असेल तर सगळा बेत बदला आणि त्यांच्या मागे चाला. ते जिथे थांबतील तिथे थांबा. त्यांना यंत्रापाशी उभं करून ‘पोज’ मागू नका, ‘इथे तुमचे हात कुठे असायचे?’ असं विचारा. हात आपोआप तिथे जातात. नाव आणि फोटो वापरायची परवानगी त्याच दिवशी लिहून घ्या.

ज्या वास्तूंचं आता संग्रहालय किंवा उद्यान झालंय, त्यांत काढण्यासारखं काय उरतं?

बरंच काही, शिवाय ट्रायपॉड निर्धास्त ठेवता येतो. ओबरहाउझेनची ११७.५ मीटर उंच वायुटाकी १९२९ ची. १९९४ पासून तिच्या पोटात प्रदर्शनं भरतात. लंडनमधलं बँकसाइड वीजकेंद्र १९८१ मध्ये बंद पडलं आणि २००० मध्ये तिथे टेट मॉडर्न हे कलासंग्रहालय सुरू झालं. टर्बाइनचा हॉल तसाच रिकामा ठेवला आहे. ड्यूसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये थंडावला, आज ते उद्यान आहे आणि रात्री त्यावर रंगीत दिवे सोडतात. ते दिवे सगळेच टिपतात. मला नव्या-जुन्याची शिवण जास्त आवडते, जुन्या तुळईला नवा जिना जिथे टेकतो ती जागा.

ठिकाण जाहीर करावं का?

संरक्षित आणि लोकांसाठी खुलं असेल तर जरूर. पहारा नसलेल्या जागेचं मात्र नेमकं ठिकाण जगजाहीर करू नका. तांबं-पितळ उचलणारेही फोटो पाहतात. फाइलमधले जीपीएसचे आकडे पोस्ट करण्याआधी काढून टाका, स्वतःच्या मूळ प्रतीत मात्र ठेवा.

फोटो काढून झाल्यावर?

त्याच रात्री मथळे लिहा: वास्तू, खोलीचा वापर, कॅमेऱ्याचं तोंड कुठल्या दिशेला, तारीख. दिशा मी सुरुवातीची काही वर्षं लिहिली नाही. आज त्यातल्या दोन इमारती उभ्या नाहीत आणि कुठली भिंत पूर्वेची हे मलाच सांगता येत नाही. हे सगळं फाइलच्या आतच भरा, वेगळ्या वहीत लिहिलेलं हरवतं. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. आणि एक संच अभिलेखागाराला किंवा विकिमीडिया कॉमन्स या सर्वांसाठी खुल्या ऑनलाइन फोटोसंग्रहाला द्या.

इमारत पाडणार आहेत आणि एकच दिवस मिळालाय. कुठून सुरुवात करू?

चारही कोपऱ्यांवरून अख्खी इमारत, प्रत्येक कोपऱ्यातून दोन बाजू दिसतील अशी. वीस मिनिटांत होतं. मग आत, मालाच्या वाटेने, प्रत्येक खोलीचे समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांतून दोन फोटो. मग जे सगळ्यांत आधी गायब होणार आहे ते: पितळी नामपट्ट्या, मापकांच्या तबकड्या, हजेरीचं घड्याळ, सूचनाफलक, कोपऱ्यात पडलेले आराखडे. भिंती पाडेपर्यंत राहतात, पितळ राहत नाही. सांधे आणि छताच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) त्यानंतर.

शेवटचा अर्धा तास फाटकाबाहेर या. रस्त्यापलीकडे, डोळ्यांच्या उंचीवर, साध्या लेन्सने एक फोटो घ्या: पाळीवर येणाऱ्या माणसाला रोज जे दिसायचं ते. उंचावरून, शिफ्ट लेन्सने, उत्तम उजेडात काढलेल्या कितीतरी संचांत नेमका हाच फोटो नसतो.